रिकामा डबा

शेजारचं भांडं रिकामं परत करायचं नाही, हे मला कोणी वेगळं शिकवलं नव्हतं. जळगावच्या आमच्या गल्लीत ते सगळ्यांच्याच अंगात होतं. कोणी वाटीतून लोणचं दिलं तर वाटी परत जाताना तिच्यात काहीतरी असायचं. कधी दोन शेंगदाण्याचे लाडू, कधी मूठभर हिरव्या मिरच्या. घरात काहीच नसलं तर चिमूटभर साखर. दुपारच्या वेळी आईने साखरेचं झाकण उघडल्याचा आवाज आला की कळायचं, कोणाचं तरी भांडं निघालंय.

1994 साली लग्न होऊन मी नवी मुंबईत नेरुळला आले. सिडकोची इमारत, तळमजला आणि वर तीन मजले, सोळा बिऱ्हाडं. लोकल 1992 मध्ये वाशीपर्यंत आली होती आणि पुढच्या वर्षी नेरुळ-बेलापूरला पोचली होती. माझ्या सासूबाई त्याच्याही आधी इथे आलेल्या. मानखुर्दहून बसने खाडीपूल ओलांडून घरी यायचं, हे त्यांना इतकं सवयीचं होतं की लोकल आल्यावरही दादरला जायचं म्हटलं की त्या "मुंबईला जाऊन येते" म्हणत आणि पाण्याची बाटली भरून घेत. रस्ते रुंद होते, झाडं अजून लहान होती. आमच्या इमारतीतलं एकही मोठं माणूस इथे जन्मलेलं नव्हतं. कोणी सातारकडचे, कोणी मालवणचे, कोणी अकोल्याचे. सगळ्यांचे काका-मामा गावाला किंवा फार तर कल्याण-डोंबिवलीला. सणाच्या संध्याकाळी दार वाजवायला हक्काचं माणूस म्हणजे समोरच्या दारातलं.

म्हणून कोजागरी गच्चीवर. दूध वर्गणीतून, आणि प्रत्येक घरातून एक डबा. या जेवणाला काही नाव नव्हतं. "उद्या डबा घेऊन वर या" एवढंच जिन्यात सांगितलं जाई. लहान मुलं अंगतपंगत म्हणायची, कारण शाळेत मधल्या सुट्टीत ती तेच करत. पॉटलक हा शब्द आमच्याकडे फार उशिरा, मोबाइलवरच्या ग्रुपबरोबर आला. हा इंग्रजी शब्द सोळाव्या शतकापासूनचा आहे, आणि त्याचा मूळ अर्थ आजच्यापेक्षा निराळा होता. अवचित पाहुणा आला तर त्या दिवशी भांड्यात जे शिजलं असेल तेच त्याच्या नशिबी. प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायचा हा अर्थ त्याला पुष्कळ नंतर अमेरिकेत चिकटला. मला तो जुना अर्थ जास्त आवडतो. आहे त्यात बसा, असं म्हणणारं घर त्यात दिसतं.

पहिल्या वर्षी काय न्यावं या विचाराने मी दोन दिवस अस्वस्थ होते. माझ्या हातचं नाव घेण्यासारखं म्हणजे भरीत. पण जळगावची ती हिरवी, जाड, कमी बियांची वांगी थंडीची. आश्विनात ती कुठून आणणार? आणि कपाशीच्या काड्यांच्या जाळावर न भाजता गॅसवर भाजलेल्या भरताला मी तेव्हा भरीत म्हणायलाही तयार नव्हते. शेवटी कळण्याच्या भाकरी केल्या. ज्वारी आणि अख्खे उडीद, थोडं मीठ घालून एकत्र दळलेलं पीठ. गावाहून येताना आईने पिशवीत बांधून दिलं होतं. सोबत ठेचा आणि कच्चं तेल. गच्चीत पोचले तर सतरंजीवर पांढरेशुभ्र मोदक, केशरी जिलेबी, हिरवीगार मटार उसळ, आणि त्यात माझ्या करड्या, काळ्या ठिपक्यांच्या भाकरी. डबा उघडावा की नाही, असं झालं होतं.

खालच्या मजल्यावरच्या मालवणच्या आजींनी झाकण काढलं, एक भाकरी मोडली आणि स्वतःच्याच पातेल्यातली कुळथाची पिठी तिच्यावर घेतली. खाल्ली. मग वळून आपल्या सुनेला म्हणाल्या, "ह्या घे गो, उडदाचा असा." एवढं पुरलं. माझ्या अकरा भाकरी पंधरा मिनिटांत संपल्या. धुतलेला डबा काखेत घेऊन मी जिना उतरले तेव्हा लग्नाला पाच महिने झाले होते, आणि त्या इमारतीत मी पहिल्यांदा घरी गेल्यासारखी घरी गेले.

या जेवणाचं एक गणित असतं आणि ते बसायला आम्हाला तीन-चार वर्षं लागली. सुरुवातीला प्रत्येक घर साठ माणसांच्या हिशेबाने रांधायचं. सोळा घरांनी साठ-साठ माणसांचं केल्यावर काय होणार? माणूस प्रत्येक पदार्थ चमचाभर घेतो आणि सहाव्या चमच्याला भरतो. दुसऱ्या दिवशी सकाळी सोळाही घरांत तेच उरलेलं. मग हळूहळू सगळ्यांना कळलं की आपल्या घरच्यांना पुरेल एवढं करायचं आणि वर दोन माणसांचं. दुसरी अडचण पोळ्यांची. भाज्या सगळे आणत, पोळ्या कोणी नाही, कारण पोळीला कौतुक नाही. चाळीस पोळ्या लाटणाऱ्या बाईचे हात भरून येतात, आणि पंगतीत "पोळी कोणाची हो?" असं कोणी विचारत नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या एका वहिनींनी सलग सहा वर्षं न बोलता पोळ्या आणल्या. त्यांचं ऋण त्या गच्चीवर राहिलं आहे.

ऑक्टोबरची हवाही शिकवते. ओल्या खोबऱ्याची चटणी नऊ वाजेपर्यंत तार सोडते. काकडीच्या कोशिंबिरीत मीठ वर गेल्यावरच घालायचं, नाहीतर तिची आमटी होते. भाताची काळजी सर्वांत जास्त. शिजवलेला भात दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नये असं अन्नसुरक्षेचे जाणकार सांगतात, कारण तांदळातल्या एका जंतूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत आणि कोमट भातात पुन्हा वाढतात. आम्हाला हे शास्त्र तेव्हा ठाऊक नव्हतं. भात मात्र सगळ्यांत शेवटी, कोणाच्या तरी कुकरमध्ये, शिट्टीसकट वर यायचा.

आणि असमान वाटे होते, तेही कोणी मोजत नसे. एक काका वाशीच्या घाऊक बाजारात कामाला होते. त्यांच्या घरून नेहमी फळं येत, कधी एक पेटी, कधी चार पपया. एक एकटे राहणारे गृहस्थ काकड्या आणत, धुतलेल्या, आणि त्या चिरायला जमिनीवर मांडी घालून बसत. ज्याच्याकडे त्या महिन्यात अडचण असे, तो दूध आटवायला मोठ्या पातेल्यापाशी उभा राही. दोन तास पळी फिरवणं सोपं नाही.

हे सगळं इतक्या प्रेमाने आठवतं म्हणूनच पुढचं लिहायला इतकी वर्षं लागली.

1997 च्या कोजागरीला तळमजल्यावर एक नवं बिऱ्हाड आलं होतं, भाड्याने. नवरा सरकारी नोकरीत, दोन मुली, आणि ती, माझ्याच वयाची. दारावरच्या पाटीवर आडनाव होतं. त्या आडनावावरून काय कळायचं ते इमारतीला आठ दिवसांत कळलं होतं. मोठ्याने कोणी काही बोललं नाही. आमच्याकडे मोठ्याने बोलायची पद्धत नव्हती.

ती वर आली ती पितळेचा, कल्हई केलेला उभा डबा घेऊन. कडीचा. हाताला चटका बसू नये म्हणून पदर गुंडाळलेला. सतरंजीच्या टोकाला जागा होती तिथे तिने तो ठेवला आणि झाकण स्वतःच काढलं. लसणाचा वास आला. कोणीतरी विचारलं, "काय आहे?" ती म्हणाली, "शेंगोळी. हुलग्याची. आमच्याकडे थंडीत करतात, पण म्हटलं आज करू." आणि हसली.

पुढे पाऊण तास मी तो डबा पाहत होते. लोक येत, वाकत, शेजारच्या पातेल्यातलं घेत आणि पुढे जात. एकीने "तिखट दिसतंय" म्हटलं. एकाने मुलाला "आधी ताटातलं संपव" म्हटलं. कोणी तिचा अपमान केला नाही. तिच्याशी सगळे नीट बोलत होते, मुलींना जिलेबी देत होते. तिने आणलेलं खात नव्हते, एवढंच. आणि सामिष आहे म्हणून टाळलं, असं म्हणायचीही सोय नव्हती. निव्वळ पीठ, लसूण आणि पाणी होतं ते.

मीही खाल्लं नाही.

माझ्या ताटात तेव्हा काय होतं तेही आठवतं. मालवणच्या आजींची कुळथाची पिठी होती. तिच्या डब्याकडे मी दोनदा गेले. दुसऱ्या वेळी सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं, नुसतं पाहिलं, आणि मी हात दुसऱ्या डब्याकडे नेला. सासूबाई आज नाहीत आणि हे त्यांच्यावर ढकलायचं म्हणून लिहीत नाही. मी पंचवीस वर्षांची होते, पदवीधर होते, हात माझा होता.

दूध वाटून झालं. तिने झाकण लावलं. भरलेला डबा आणताना जेवढा जड होता तेवढाच नेताना होता. जिन्यात ती माझ्या पुढे होती. कडी डब्यावर आपटत नव्हती, कारण तिने ती धरून ठेवली होती. दुसऱ्या दिवशी तिच्या घरी चौघांनी ती शेंगोळी खाल्ली असतील की टाकली असतील, हे मला आजही मध्येच सुचतं.

पुढल्या कोजागरीला ती आली. हातात दुकानातून आणलेली आइस्क्रीमची मोठी वीट होती, कागदाच्या खोक्यासकट, शिवण न उघडलेली. "मस्त केलंत," असं सगळे म्हणाले, आणि वीट पाच मिनिटांत संपली. तिने आमच्यासाठी सोय करून ठेवली होती. ज्याला तिचा हात लागलेला नाही ते आम्ही खाऊ, हे तिला कळलं होतं, आणि आम्हाला ते कळलंय हेही तिला कळलं असणार. दोन वर्षांनी ते बिऱ्हाड कामोठ्याला गेलं.

कोणाच्या हातचं खायचं हा प्रश्न आपल्याकडे कधीच चवीचा नव्हता. 1890 मध्ये पुण्यातल्या पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये जमलेल्या मंडळींपुढे चहा-बिस्किटं आली. टिळक आणि रानडे त्या मंडळींत होते. एका कपावरून पुण्यात खटला उभा राहिला, बहिष्काराची भाषा झाली, आणि रानड्यांसारख्या माणसाला प्रायश्चित्त घ्यावं लागलं. पुढे समाजसुधारक समतानंद अनंत हरी गद्रे झुणका-भाकर सत्यनारायण घालत. पूजेला दलित जोडपं बसवायचं आणि प्रसादाला शिऱ्याऐवजी झुणका-भाकर. गद्र्यांचं मर्म मला फार उशिरा कळलं. सत्यनारायणाचा प्रसाद नाकारायला मराठी माणूस घाबरतो. त्यांनी ज्या हातचं टाळलं जातं तेच अन्न प्रसाद करून ओंजळीत ठेवलं. आता नाही म्हणा.

गोपाळकाल्यातही तेच आहे. सवंगड्यांच्या शिदोऱ्या, कोणाची ताजी, कोणाची शिळी, सगळ्या एकत्र कालवल्या. सप्ताहाची सांगता काल्याच्या कीर्तनाने होते आणि मग पोहे, लाह्या, दही, लोणचं असा तो काला हातावर पडतो. लहानपणी मला वाटायचं की चव यावी म्हणून कालवतात. आता वाटतं, एकदा कालवलं की कोणाचं काय ते शोधताच येत नाही. वगळायची सोयच उरत नाही. आमच्या गच्चीवर सोळा डबे शेजारी शेजारी होते, पण सुटे होते, आणि सुट्या डब्याला ओलांडून जाता येतं.

इथल्या आगरी मैत्रिणीने मला पोपटी दाखवली तेव्हाही हेच मनात आलं. नवी मुंबई वसायच्या आधीपासूनची ही माणसं. सिडकोच्या नकाशातल्या सेक्टरांच्या मधोमध त्यांची गावठाणं अजून आहेत. थंडीत पनवेल-अलिबागकडच्या वालाच्या शेंगा आल्या की संध्याकाळी पोपटी लागते. मडक्याच्या तळाला भांबुर्डीचा पाला, त्यावर मीठ-ओवा लावलेल्या शेंगा, कोणी बटाटे आणलेले, कोणी अंडी, कोणी मसाला लावून केळीच्या पानात बांधलेली कोंबडी. पाण्याचा थेंब नाही. तोंडाला पुन्हा पाला दाबायचा, मडकं उपडं करायचं आणि भोवती पेंढा-लाकडं पेटवायची. झालं की नाही ते मडक्यावर पाणी शिंपडून बघतात. चर्र होऊन लगेच उडालं की काढायचं. कागदावर ओतलं की वाफेत सगळ्यांनी आणलेलं सगळ्याला लागलेलं असतं. शेंगेला कोंबडीचा वास, बटाट्याला भांबुर्डीचा. आमच्या खानदेशातल्या शेतावरच्या भरीत पार्टीची मला तिथे इतकी आठवण आली की मी काही वेळ बोललेच नाही. तिथेही एकाची वांगी, दुसऱ्याच्या मिरच्या, तिसऱ्याचं तेल, आणि ठेचायचं एकाच लाकडी भांड्यात.

शेंगोळी मी पहिल्यांदा खाल्ली ती 2008 मध्ये. कामाच्या ठिकाणी पारनेरकडची एक सहकारी होती, तिच्या डब्यात. कसं करतात ते तिने सांगितलं. हुलग्याच्या पिठात लसूण, जिरं, तिखट, मीठ घालून घट्ट भिजवायचं, तेलाच्या हाताने शेंगांसारखे वळायचे आणि लसणाच्या फोडणीच्या उकळत्या पाण्यात सोडायचे. पिठानेच रस्सा दाटतो. मी सहज विचारलं, हुलगे म्हणजे नेमकं काय? ती म्हणाली, "अहो, कुळीथच की. कोकणात कुळीथ म्हणतात, आमच्याकडे हुलगे."

मी घास तसाच धरून बसले. त्या रात्री माझ्या ताटात कुळीथच होता. सगळ्या गच्चीच्या ताटात होता. आजींचं पातेलं चाटूनपुसून रिकामं झालं होतं आणि तीन हातांवर त्याच धान्याचा दुसरा डबा भरलेला होता.

त्यानंतर मी कोजागरीला दरवर्षी शेंगोळी करते. त्याने काही फिटत नाही, मला माहीत आहे. तिचा पत्ता मी शोधला होता, कामोठ्यात, जुन्या शेजाऱ्यांकडून. ते तिथूनही पुढे कुठे गेले होते. भेटली असती तर काय बोलले असते, हेही ठरलेलं नाही.

एक मात्र करते. गच्चीवर गेले की आधी ताट हातात घेत नाही. सतरंजीला एक फेरी मारते आणि ज्या डब्याचं झाकण अजून निघालं नाही त्याच्यापाशी बसते. असा एक डबा दरवर्षी असतो. कधी नव्या भाडेकरूंचा, कधी पहिल्यांदाच रांधलेल्या मुलाचा, कधी नुसताच दिसायला उदास पदार्थ असलेला. "हे कोणी केलंय?" हा प्रश्न अजूनही कानावर येतो. विचारणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा कौतुकच असतं. मला तो ऐकू येतो तेव्हा माझ्या पोटात मात्र तुटतं.

आता ग्रुपवर यादी फिरते. अमुक घर भाजी, तमुक घर गोड. पोळ्या बाहेरून मागवतात, ते चांगलंच झालं. गेल्या वर्षी कोणीतरी सुचवलं की माणशी तीनशे रुपये काढू आणि केटरर बोलवू, कोणाला त्रास नको. मी त्या बैठकीत एरवी बोलत नाही, तेव्हा बोलले. केटररच्या डब्याला कोणी वगळत नाही हे खरं, पण त्यात कोणी आपलं काही ठेवलेलंही नसतं. बाईने कडी धरून चार जिने चढून आणलेलं जेवण आणि पैसे मोजून आलेलं जेवण एक नाही. मतं घेतली. अकरा घरं डब्याच्या बाजूने निघाली.

तिसऱ्या मजल्यावर दोन मुली भाड्याने राहतात, लातूरकडच्या, महापेला नोकरी करतात. त्यांतली धाकटी त्या कोजागरीच्या रात्री उशिरा वर आली. पारसिकच्या डोंगरावर चंद्र चांगला हातभर चढला होता. तिने हातातला स्टीलचा डबा दुधाच्या पातेल्यामागे, दिसेल न दिसेल असा सरकवला. मी जाऊन बसले.

"काय आणलंस?"

"काही नाही काकू. सुशीला. आमच्याकडे करतात, चुरमुऱ्यांचं. थोडंच आहे. गार पण झालंय."

मी ताट पुढे केलं. भिजवलेले चुरमुरे, शेंगदाणे, कढीपत्ता, हिरवी मिरची, वरून लिंबू. गार होतं आणि छान होतं. मी पुन्हा घेतलं आणि पलीकडच्या मुलांना हाका मारल्या. काकड्या आणणारे ते गृहस्थ आता ऐंशीच्या घरात आहेत, मांडी घालता येत नाही, खुर्चीवर बसतात. त्यांनीही वाटीभर मागितलं. दातांना बरं पडतं म्हणाले. डबा संपला. ती मुलगी गप्पांत रमली आणि डबा विसरून खाली गेली.

मी तो माझ्या डब्याबरोबर घासला, पुसला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती दारात आली. मी डबा दिला. जिन्यात दोन पायऱ्या उतरल्यावर तिला आत काहीतरी सरकल्यासारखं वाटलं. तिने झाकण काढून पाहिलं आणि परत वर आली.

"काकू, ह्यात साखर राहिलीय तुमची."

"राहिली नाही गं," मी म्हटलं. "ठेवलीय."